रेघेच्या वरचा गॅस

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा शेत, गोठा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरचे आंबे, इतकंच काय पण दगडी पाटा आणि त्याचा वरवंटा हेसुद्धा दोन घरांत गेले. पाटा आमच्याकडे आला, वरवंटा थोरल्या काकांकडे गेला आणि त्यावर कुणालाही हसू आलं नाही. अडलं ते फक्त गोबरगॅसपाशी.

कासार आंबोलीला आमची दोन घरं एकाच अंगणात समोरासमोर आहेत. मध्ये गोठा आणि गोठ्याच्या मागे गोबरगॅस. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली विटांनी बांधलेला गोल, खोल खड्डा. त्यात पाण्यात कालवलेलं शेण. त्या शेणकाल्यावर उपडी घातलेली भलीमोठी लोखंडी टाकी. शेण आपलं काम करतं, गॅस सुटतो, तो टाकीत साठतो आणि टाकी वर उचलली जाते. शेगडी पेटवली की टाकी हळूहळू खाली बसते. ना मीटर, ना काटा. अंगणातून नजर टाकली की कळतं, आज भाकरी कशावर होणार.

टाकी बांधली तेव्हा गोठा जनावरांनी भरलेला होता. आता दोन्ही घरांच्या मिळून चार म्हशी उरल्या आहेत, त्यामुळे टाकी भरायला बरेच दिवस लागतात. गॅस पुरतो तो सकाळच्या भाकरीपुरता. बाकी सगळं सिलिंडरवर. पण सिलिंडरच्या जाळावरची भाकरी नुसती दिसायला फुगते, तिला चव नसते, असं काकांचं ठाम मत आहे. माझ्या वडिलांचंही तेच मत आहे. दोघा भावांचं एकमत असलेल्या गोष्टी फार नाहीत, त्यातली ही एक.

दुसरी म्हणजे टाकी फिरवणं. शेणकाल्यावर साय धरते, घट्ट होते आणि टाकीला धरून ठेवते. ती मोडायला टाकीच्या दोन बाजूंच्या कड्या धरून तिला जात्यासारखं फिरवावं लागतं. एकट्याचं काम नाही. मला कळायला लागल्यापासून सकाळी एका कडीला काका आणि दुसऱ्या कडीला वडील असंच मी बघत आले. त्या वेळी ते बोलत नसत, पण म्हशींचं, पाण्याचं, पोराबाळांचं जे ठरायचं ते तिथेच ठरून जायचं.

वाटणीला पंच म्हणून आमचे एक चुलत आजोबा बसले होते. टाकी कापता येत नाही आणि गॅस पिशवीत भरून देता येत नाही, म्हणून त्यांनी बराच विचार केला आणि ट्रॉली रंगवून उरलेला लाल रंग मागवला. टाकी पूर्ण भरलेली होती. त्यांनी तिच्या बरोबर मध्यावर गोल रेघ मारली. रेघेच्या वरचा गॅस थोरल्याचा, खालचा धाकट्याचा. टाकी भरली की आधी थोरल्या काकांची पाळी. त्यांनी रोज पहाटे पेटवायचं आणि टाकी बसत बसत रेघ खड्ड्याच्या काठाला टेकली की त्यांची पाळी संपली. मग उरलेला गॅस आमचा. आमचा संपला की टाकी पुन्हा भरू द्यायची. विहिरीच्या पाण्याची पाळी असते, तशी ही गॅसची पाळी. आजोबांना आपल्या या रेघेचा इतका अभिमान वाटला की रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ते बरेच दिवस तिचंच वर्णन करत होते.

मला कुणी विचारलं नाही. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, पण लग्न होऊन भूगावच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या मुलीला वाटणीत कोण विचारतं. माझ्याकडून हव्या होत्या तेवढ्या सह्या मात्र घेतल्या.

हे सगळं होळीच्या सुमाराला झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, रेघेबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली. आमच्या मुळशी तालुक्यातली थंडी पुण्यातल्या लोकांना वीकेंडला येऊन शाल पांघरून कौतुकाने बघायची असते. पहाटे म्हशीच्या कासेला हात लावणाऱ्याला तिच्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. तर अशाच एका पहाटे काकीच्या चार भाकऱ्या व्हायच्या आत रेघ काठाला टेकली. काकांनी कॉक बंद केला आणि कपाळाला आठ्या घालून टाकीकडे बघत राहिले. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बघितलं होतं, तेव्हा टाकी रेघेच्या वर चांगली चार बोटं जास्त होती. मग ही चार बोटं गेली कुठे?

त्यात भर म्हणजे दुपारी उन्हं तापल्यावर टाकी पुन्हा रेघेच्या वर आलेली. आणि आता पाळी आमची. काका अंगणात उभे, समोर त्यांच्या वाट्याची रेघ हवेत, आणि आमच्या स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

वाटणीच्या आधीही हिवाळ्यात टाकी पहाटे खाली बसतच असणार. पण तेव्हा ती सगळ्यांची होती, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

काकांनी आधी गळतीचा संशय घेतला. साबणाचा फेस करून सगळ्या पाइपला, सगळ्या जोडांना लावला. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी गोठ्यात अंथरूण टाकलं आणि दोन-तीन रात्री पहारा दिला. कुणी आलं नाही, तरी सकाळी टाकी चार बोटं खाली. दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, चला, चोर नाही. काकांना वाटलं की चोर हुशार आहे. घरातल्या घरात बसून, जमिनीखालून दुसरा पाइप टाकून गॅस ओढत असणार. म्हणून त्यांनी कुदळ घेतली आणि टाकीपासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत चर खणला. चोरटा पाइप कुठे सापडला नाही. वाटणीच्या वेळी हरवला म्हणून ज्याच्यावरून वाद झाला होता तो कोयता मात्र सापडला.

चर खणताना वडील ओट्यावर बसून होते. एका शब्दाने त्यांनी भावाला अडवलं नाही. चर त्यांच्या पायापाशी आला तेव्हा त्यांनी पाय वर घेतले, एवढंच. त्या दिवसापासून टाकी फिरवणं बंद झालं. काकांनी दोन्ही पाइपांच्या कॉकना कुलुपं घातली. वडील म्हणाले, घाल. दोघांच्याही घरी भाकरी सिलिंडरवर व्हायला लागली आणि दोघंही चव नाही म्हणत गप्प जेवायला लागले.

इथपर्यंत आई मला फोनवर रोज सांगायची आणि मी भूगावला वह्या तपासता तपासता हसायची. मग एके दिवशी ती कॉलेजच्या वेळेत फोन करून बसली. तसं ती कधी करत नाही. काकांनी ठरवलं होतं की आपल्या म्हशी विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि भुकूमला मुलाच्या फ्लॅटवर राहायला जायचं. रविवारी दुपारनंतर जनावरांचा दलाल येणार होता. काकी दोन दिवस जेवली नव्हती.

मी आईला म्हटलं की जाऊ दे, भुकूम काही फार लांब नाही. आई म्हणाली, "तुझे अप्पा दिवसाला दहा शब्द बोलत्यात. तू लांब. आक्का गेली तर मी हितं कुणासंगं बोलू?"

माझ्या लग्नाआधीपासून, माझ्या जन्माआधीपासून, रोज दुपारी या दोघी जावा एका ओट्यावर बसून तांदूळ निवडत आल्या आहेत. वाटणी झाल्यावरही ते थांबलं नव्हतं. चोराच्या घरचा चहा प्यायचा नाही असं काकांनी सांगितल्यावर मात्र काकी यायची बंद झाली. आता मधलं अंगण होतं, पण आक्का नव्हती. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी शनिवारीच गावाला गेले.

काय झालंय हे मला आधीच कळलं होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही कळेल. एका फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखला जाणारा तो नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे आणि मुलं तो गुणांपुरता पाठ करून विसरत आली आहेत. मी काकांना अंगणात गाठलं आणि समजावून सांगितलं. टाकी गॅसवर नुसती बसलेली आहे. टाकीचं वजन रात्री वाढत नाही की दिवसा घटत नाही, म्हणजे गॅसवरचा दाब तोच. मग गरम झाला की फुगायचं आणि गार झाला की आकसायचं, एवढंच गॅसच्या हातात उरतं. जितका तापेल तितक्या प्रमाणात फुगणार, जितका निवेल तितक्या प्रमाणात आकसणार. दुपारी टाकी वर, पहाटे खाली. ना कुणी घेतला, ना कुठे गेला.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते मला लहानपणापासून मास्तरीणबाई म्हणतात, अगदी मी दुसरीत होते तेव्हापासून.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "थंडीनं आकसतंय म्हंता. मंग माझं शेत का न्हाई आकसत? सरकारी मोजणी तर भर उन्हाळ्यात झाली."

मी म्हटलं, शेत म्हणजे गॅस नाही. तर ते म्हणाले की दूध घ्या, पहाटे थंडीत डेअरीवर घातलेलं दूध कमी भरलं म्हणून कुणी मला जादा पैसे दिले नाहीत. घन, द्रव आणि वायू यांतला फरक मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला आहे. काकांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं आणि म्हणाले की बापासाठी लेक एवढं करणारच.

मग मी घरात जाऊन वडिलांना सांगितलं. वाटलं, निदान त्यांना तरी बरं वाटेल. ते म्हणाले, "मला कुण्या फ्रेंच माणसाची साक्ष नगं. माझ्या तोंडाकडं बघून भावाला कळत नसंल, तर ऱ्हाऊ दे."

असे हे दोघं. रात्री मी आईला म्हटलं की तुझं कसं झालं असेल या लोकांत. आई म्हणाली, माझं आक्कामुळं झालं.

रविवारी सकाळी मी चुलत आजोबांना बोलावून आणलं. त्यांच्या रेघेवर बालंट आलंय म्हटल्यावर ते काठी न घेताच निघाले. मी सगळ्यांसमोर सांगितलं की दुपारी टाकी तापली की ती मी कुलुपं न काढता, गॅस न सोडता, चार बोटं खाली बसवून दाखवते. काकांनी नुसता हात झटकला. तेव्हा काकी, जी इतके दिवस कुणाशी बोलली नव्हती, ती दारातून म्हणाली की बघायला काय जातंय, दलाल तर दुपारनंतर येणार आहे. काका तयार झाले, पण अटी घातल्या. कुलुपांच्या किल्ल्या काकीच्या कनवटीला राहतील. टाकीला माझ्या वडिलांनी हात लावायचा नाही. आणि मी फक्त बोलायचं.

इतके दिवस कुणी गॅस जाळला नव्हता, त्यामुळे टाकी काठोकाठ भरलेली होती. उन्हं डोक्यावर आल्यावर तिला हात लावायची सोय राहिली नाही. काळा रंग, लोखंड आणि मुळशीचं स्वच्छ ऊन. काकांनी स्वतः टाकीवर, बरोबर काठाच्या पातळीला, चुन्याने खूण केली. मी म्हटलं की आता विहिरीच्या गार पाण्यात पोती भिजवून टाकीवर टाकायची.

"अन् पोत्याच्या वजनानं टाकी बसली तर?" काका म्हणाले.

माझ्या संपूर्ण वर्गातल्या एकाही मुलाने हा प्रश्न विचारला नसता. खरं सांगायचं तर मलाही तो सुचला नव्हता. चुलत आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला पगार कोण देतं. शेवटी ठरलं की पोती नको, नुसतं पाणी ओतायचं. ते वाहून जाईल, वजन राहणार नाही. हौदातून आई घागर भरायची आणि काकीच्या हातात द्यायची, काकी ती टाकीवर रिकामी करून परत आईच्या हातात द्यायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण कितीतरी दिवसांनी एकाच कामाला लागल्या होत्या आणि पहिल्या दोन-तीन घागरींनंतर त्यांचे हात असे चालायला लागले की मला टाकीकडे बघायचं भानच राहिलं नाही.

पहिल्या घागरीला टाकीवरून वाफ निघाली. पाचव्या-सहाव्या घागरीला वाफ थांबली. टाकी मात्र होती तिथेच. आणखी पाणी ओतलं. चुन्याची खूण काठापाशी जशीच्या तशी. नियम चुकत नाही हे मला माहीत होतं, पण अंगणात उभं राहिल्यावर माहीत असण्याचा काही उपयोग होत नाही. काका हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी दलाल आला का बघायला रस्त्याकडे मान वळवली.

तेव्हा वडील ओट्यावरून, आमच्याकडे पाठ करूनच, म्हणाले, "साय धरलीया. फिरवल्याबिगर बसायची न्हाई."

काकांनाही ते पटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते पुढे झाले आणि एकट्यानेच एक कडी धरून टाकी फिरवायला लागले. टाकी हलली नाही. नुसती एका बाजूला कलली आणि कुरकुरली. काकांनी पुन्हा जोर लावला. त्यांचं वय आता सत्तरीला टेकलं आहे. टाकीला हात लावायचा नाही ही अट त्यांनीच घातली होती, त्यामुळे बोलवायची सोय नव्हती. शेवटी चुलत आजोबा म्हणाले, पंच म्हणून मी परवानगी देतो. वडील उठले, धोतराचा सोगा खोचला आणि दुसरी कडी धरली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पण कोणी आधी ओढायचं आणि कोणी ढकलायचं हे त्यांना बघून ठरवावं लागत नाही. टाकी पाव फिरली, अर्धी फिरली, आतून साय फुटल्याचा आवाज आला आणि टाकी सावकाश खाली बसली. चुन्याची खूण काठाच्या खाली गेली. चुलत आजोबांनी वाकून बोटं लावली. बरोबर चार.

काकीने न विचारता कनवटीच्या किल्ल्या काढून सगळ्यांना दाखवल्या. काकांनी एकेक किल्ली नीट बघून घेतली. मग म्हणाले, "म्हंजे कुणी घेतलाच न्हाई."

मी काहीतरी विजयी बोलणार होते. माझा स्वभावच तसा आहे. पण चुलत आजोबा अजून वाकलेलेच होते आणि आता त्यांचं बोट चुन्याच्या खुणेवर नव्हतं, आपल्या लाल रेघेवर होतं.

"आकसला तो कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी उत्साहाने सांगितलं की सगळ्याच गॅसचा. वरचा, खालचा असं काही नसतं, सगळा सारख्याच प्रमाणात आकसतो.

"मंग चार बोटांतली दोन वरच्याची अन् दोन खालच्याची," आजोबा म्हणाले. "पर रेघ तर जाग्यावरच हाय. वरच्याची समदी चार गेली. खालच्याच्या वाट्याची दोन कुणी सोसली?"

आजोबांचं बरोबर होतं. पहाटेच्या थंडीत गॅस आकसला की अर्धा भाग लाल रेघेच्या दोन बोटं खाली येणार. पण काका कॉक बंद करत होते रेघेपाशी. म्हणजे त्यांच्या वाट्याचा दोन बोटं गॅस रोज आमच्या वाट्यात राहत होता आणि उन्हं तापल्यावर तो फुगून वर यायचा तेव्हा माझी आई त्याच्यावर भाकरी करत होती. काका म्हणत होते ते चुकीचं होतं, पण त्यांचा गॅस जात होता हे खरं होतं, आणि तो आमच्याकडेच येत होता. बापाला निर्दोष ठरवायला मी भूगावहून आले होते आणि भर अंगणात, पंचासमोर, भौतिकशास्त्राच्या आधाराने मी त्याच्यावर चोरी शाबीत केली होती. आईने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी अजून विसरलेले नाही.

वडिलांच्या हातात अजून कडी होती. इतके दिवस न केलेल्या चोरीचा राग धरून बसलेला माणूस. ते आता पडेल आवाजात म्हणाले, "म्हंजे खाल्ला मी."

मला रडू आलं. मी काहीतरी सांगायला लागले, की त्याला खाणं म्हणत नाहीत, माहीत नसताना झालेलं ते, पण माझं कुणी ऐकत नव्हतं. सगळे काकांकडे बघत होते. काकांनी आता एवढंच म्हणायचं बाकी होतं की मी म्हणत नव्हतो का. त्यासाठी त्यांनी अख्खं अंगण खणलं होतं.

काका खाकरले. टाकीच्या कडीवरचा गंज अंगठ्याने खरवडायला लागले.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "उन्हाळ्यात फुगंल तवा समदा वरच फुगनार ना? म्हंजे माझ्यात?"

मी हिशोब केला आणि हो म्हटलं. होळीच्या हवेत मारलेली रेघ. वैशाखात सगळी वाढ त्यांच्याच वाट्याला गेली असणार.

"गेल्या उन्हाळ्यात मला लई पुरायचा," काका म्हणाले. "पै-पाव्हणं आलं तरी पुरायचा. मी म्हनलं, माझं नशीब. तवा न्हाई कुणाला विचारलं, कुटनं आला म्हनून." त्यांनी कडीवरचा गंज पुन्हा खरवडला. "तवा मी खाल्ला."

वडिलांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. मग दोघंही खाली बघायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्या दोघांना इतकं अवघडलेलं कधी बघितलं नव्हतं. चुलत आजोबांना मात्र आपली रेघ दोन्ही मोसमांत चुकली याचं फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच सुचवलं की रेघ सरकती ठेवू, म्हणजे थंडीत खाली आणि उन्हाळ्यात वर, आणि ती सरकवायला आपण स्वतः दर पंधरवड्याला येत जाऊ. चहा मिळाला तरी पुरे.

वडील म्हणाले की रेघच नको, पुसून टाकतो, आणि ते रॉकेलाचा बोळा शोधायला निघाले. तेव्हा काकी पुढे आली. "ती रेघ ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "ती पुसली तर भांडायला दुसरं कायतरी हुडकाल."

म्हणून रेघ राहिली. पाळ्या मात्र गेल्या. आता सकाळी ज्याच्या घरात आधी पीठ मळून होईल ती आधी पेटवते. म्हशींचा दलाल आला तेव्हा ओट्यावर आई आणि काकी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि चर पुन्हा बुजवायचं काम कुणाचं यावर दोघा भावांचा वाद सुरू झाला होता. काकांनी दलालाला सांगितलं की म्हशी विकायच्या नाहीत. त्याने कारण विचारलं, तर म्हणाले की टाकीला शेण कमी पडेल. दलाल माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडम, हे लोक तुम्हाला कधी कळलेत का. मी त्याला चहा दिला.

मी भूगावला परत आले. त्या वर्षी वर्गात तो नियम शिकवताना मी टाकीची गोष्ट सांगितली. मुलांनी विचारलं, परीक्षेत हे येणार का. मी नाही म्हटल्यावर त्यांनी पेनं खाली ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी, कडाक्याची थंडी पडली होती तेव्हा, आईचा फोन आला. म्हणाली की टाकी आज पाच बोटं खाली आहे, दोघं जण आत्ताच फिरवून आलेत, आणि तुझ्या काकांनी विचारलंय की पुण्यात पण थंडी आहे का. मी म्हटलं, आहे. मला बरंच काही सांगायचं होतं. माझ्या कॉलेजमधलं, घरातलं, कुठल्या कुठल्या गोष्टी साठल्या होत्या. रविवारचा निवांतपणा बघून मी खुर्ची ओढून बसलेही. तेवढ्यात पलीकडे कुणाच्या तरी बांगड्यांचा आणि तांदळाचं सूप ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, ठेवती आता," आई म्हणाली. "आक्का आलीया. तुझ्याशी मंग बोलीन."